वास येईनासा झाला म्हणजे कंपवाताची सुरुवात का?

प्रश्न थोडक्यात असा: वडील ६२ वर्षांचे. सात-आठ महिन्यांपासून भात करपला तरी त्यांना कळत नाही, नासलेलं दूध ओळखू येत नाही, जेवणाला चव नाही म्हणतात. सर्दी-पडसं नाही. वास जाणं हे कंपवाताचं (पार्किन्सनचं) किंवा स्मृतिभ्रंशाचं पहिलं लक्षण असतं असं मुलाच्या वाचनात आलं आणि घरात धास्ती बसली. यात तथ्य किती, आणि तपासण्या कोणत्या करायच्या?

संशोधन खरं आहे, पण ते उलट्या बाजूने वाचलं गेलंय. कंपवाताच्या दहा रुग्णांपैकी जवळजवळ नऊ जणांचा वास कमी झालेला असतो, हे खरं. वास कमी झालेल्या दहांपैकी नऊ जणांना कंपवात होतो, हे साफ खोटं. दोन्ही वाक्यांत शब्द जवळपास तेच आहेत, म्हणून गल्लत होते.

होनोलुलूत जपानी वंशाच्या पुरुषांचा दीर्घकाळ चाललेला एक अभ्यास आहे. त्याचे वासाबद्दलचे निष्कर्ष २००८ मध्ये आले. २,२६७ पुरुषांची बारा वासांची चाचणी घेतली आणि पुढे आठ वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं. ३५ जणांना कंपवात झाला. सर्वांत कमी गुण मिळालेल्या पाव हिश्श्यात, पहिल्या चार वर्षांत, हे प्रमाण वरच्या गटाच्या कित्येक पट होतं. ऐकून छातीत धस्स होतं. पण त्या तळाच्या गटातसुद्धा चार वर्षांत शंभरातल्या दोघा-तिघांपलीकडे आकडा गेला नाही. बाकीच्यांचा वास कमी होता आणि कंपवात झालेला नव्हता. म्हणून वडिलांच्या बाबतीत पहिला प्रश्न 'मेंदूचा आजार कोणता' हा नाही. 'नाकात काय चाललंय' हा आहे.

तरी कंपवाताचा आणि वासाचा संबंध नीट समजून घेण्यासारखा आहे. नाकाच्या छताला, दोन्ही डोळ्यांच्या मधल्या भागात, वास टिपणाऱ्या चेतापेशींचा एक लहानसा पट्टा असतो. त्यांचे तंतू चाळणीसारख्या भोकं असलेल्या हाडातून वर जातात आणि मेंदूच्या तळाशी असलेल्या घ्राणकंदाला मिळतात. बाकी सगळ्या संवेदना मेंदूच्या कवचाकडे जाताना थॅलॅमस नावाच्या नाक्यावर थांबतात. वास त्याला वळसा घालून थेट स्मृती आणि भावना सांभाळणाऱ्या भागात शिरतो. जर्मन शरीररचनातज्ज्ञ हाइको ब्राक आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये मृत व्यक्तींच्या मेंदूंचा अभ्यास करून कंपवाताचे टप्पे मांडले. हात थरथरायला लागण्याच्या कितीतरी आधी, चुकीची घडी पडलेल्या अल्फा-सिन्युक्लिन प्रथिनाचे गोळे घ्राणकंदात आणि आतड्याकडे जाणाऱ्या व्हेगस चेतेच्या केंद्रात दिसतात, असा त्यांचा निष्कर्ष होता. वास जाणं आणि जुनी बद्धकोष्ठता ही जोडी कंपवातात अनेक वर्षं आधी दिसते, ती यामुळे.

एक गोष्ट मात्र पुष्कळांना उलटी वाटते. कंपवातात मेंदूतलं डोपामिन हे रसायन कमी पडतं, मग डोपामिनची गोळी घेतल्यावर वास परत यायला हवा. तसा तो येत नाही. रुग्णांच्या घ्राणकंदात डोपामिन बनवणाऱ्या पेशी कमी न होता वाढलेल्या आढळल्या आहेत. लेव्होडोपाने, म्हणजे याच गोळीने, चालणं सुधारलं आणि वास जिथल्या तिथे राहिला, तर औषध लागू पडत नाही असं समजून डोस वाढवू नका.

सध्या ज्या तपासणीची सर्वाधिक चर्चा आहे ती पाठीच्या कण्यातून काढलेल्या पाण्याची. त्या पाण्यात प्रयोगशाळेतलं निरोगी अल्फा-सिन्युक्लिन मिसळतात. विरजणाच्या थेंबाने दूध लागावं तसं, पाण्यात बिघडलेलं प्रथिन अंशमात्र असलं तरी ते सगळं मिश्रण बिघडवतं आणि चमकणाऱ्या रंगद्रव्यामुळे ते मोजता येतं. २०२३ मध्ये अनेक देशांतल्या रुग्णांवरचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले: कंपवाताच्या सुमारे ८८ टक्के रुग्णांत ही चाचणी सकारात्मक आली. नेहमीच्या स्वरूपाचा कंपवात आणि त्यासोबत वास गेलेला अशा गटात ती ९८.६ टक्क्यांवर पोहोचली. एलआरआरके२ या जनुकातल्या दोषामुळे आजार झालेला पण वास शाबूत, अशांत मात्र ती साधारण एक-तृतीयांशच. म्हणजे कंपवात या एका नावाखाली एकाहून अधिक आजार असावेत आणि नाक त्यांची विभागणी करतंय. संशोधनाच्या दृष्टीने हा फार मोलाचा धागा आहे. पण फक्त वास गेला म्हणून कोणी ही तपासणी करून घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. हा आजार सुरू होण्याआधी थोपवणारं औषध आज हाती नाही. मग कण्यात सुई घालून मिळणार ती फक्त काळजी.

मज्जातंतुतज्ज्ञांकडे कधी जायचं? वास जाण्याच्या जोडीला आणखी काही असेल तेव्हा. सर्वांत वजनदार जोडीदार म्हणजे झोपेतली मारामारी: स्वप्नात कोणी अंगावर येतंय म्हणून झोपेतच ओरडणं, लाथा झाडणं, शेजारी झोपलेल्याला फटका बसणं. स्वप्नांच्या झोपेत अंग लुळं पडायला हवं, ते इथे पडत नाही. झोपेच्या प्रयोगशाळेत हा विकार पक्का ठरलेल्या १,२८० रुग्णांचा अभ्यास २०१९ मध्ये आला. बारा वर्षांत त्यातल्या सुमारे ७३ टक्क्यांना कंपवात किंवा त्याच्या नात्यातला आजार झाला. एकट्या वासाला हे वजन नाही. हा प्रश्न वडिलांना विचारू नका, आईला विचारा. झोपणाऱ्याला यातलं काही आठवत नाही. आणखी बघायचं ते असं: चालताना एकच हात कमी हलतो का, सही पूर्वीपेक्षा बारीक झाली का, शर्टाची बटणं लावायला वेळ लागतो का, एकच खांदा आखडल्याच्या तक्रारीवर महिनोन्‌महिने फिजिओथेरपी चालली आहे का.

स्मृतिभ्रंशाकडे वळू. अल्झायमरमध्ये टाउ प्रथिनाच्या गाठी सर्वांत आधी मेंदूच्या ज्या भागात जमतात तो वासाच्या वाटेवरच आहे. सुरुवातीला 'काहीतरी वास येतोय' हे कळतं, 'कशाचा' ते सांगता येत नाही. कंपवातात मुळात वास पोहोचणंच कमी होतं. पुस्तकात हा फरक सुबक दिसतो, एकेका रुग्णात तो इतका स्पष्ट नसतो. म्हणून घरगुती युक्त्यांवर विसंबू नका. २०१३ मध्ये फ्लोरिडातून पीनट बटरची चाचणी गाजली: डाव्या नाकपुडीला त्याचा वास जवळ आणल्यावरच आला तर अल्झायमर. पुढच्याच वर्षी पेनसिल्व्हेनियात रिचर्ड डॉटी यांच्या गटाने ती पुन्हा करून पाहिली, तेव्हा डाव्या-उजव्यात असा फरक निघालाच नाही. ती चाचणी अजून संदेशांतून फिरते आहे.

वयाचा वाटाही धरायला हवा. डॉटी यांच्याच १९८४ च्या अभ्यासात ६५ ते ८० वयाच्या निम्म्याहून अधिक आणि ८० च्या पुढच्या तीन-चतुर्थांशांहून अधिक लोकांत घ्राणशक्ती बरीच घटलेली दिसली. अमेरिकेतल्या ५७ ते ८५ वयाच्या ३,००५ लोकांच्या पाहणीत, २०१४ च्या अहवालानुसार, वास पूर्ण गेलेल्यांपैकी ३९ टक्के पुढच्या पाच वर्षांत वारले. वास ठीक असलेल्यांपैकी १०. वास गेल्याने ते वारले असा याचा अर्थ नाही. वास टिपणाऱ्या पेशी आयुष्यभर मरतात आणि नव्या जन्मतात. शरीराची डागडुजी मंदावली की नाकात ते आधी दिसत असावं, असा त्याचा सर्वांत सरळ अर्थ लागतो.

आता वडिलांचं काय करायचं ते सांगतो, आणि सगळ्यांत जास्त वेळ इथेच द्यायला हवा.

पहिला प्रश्न, वास गेला कसा? एका सकाळी उठले आणि गेला, आधी आठवडाभर ताप-सर्दी होती: विषाणू. कधी येतो कधी जातो, गरम पाण्याची आंघोळ किंवा पळापळ झाली की तासभर येतो: नाकातला अडथळा किंवा सूज. मोटारसायकलवरून पडून डोक्याला मार लागला, शुद्धीवर आल्यावर काही दिवसांनी जेवण बेचव लागलं: चाळणीच्या हाडापाशी तंतू तुटले. डोकं मागे आपटलं तरी हे होतं, नाकाला ओरखडा नसतानाही. हळूहळू, तारीख सांगता येत नाही, घरच्यांच्याच आधी लक्षात आलं: वय किंवा मेंदूचा आजार. आणि 'वास म्हणजे काय ते मला कधी कळलंच नाही' असं सांगणारा तरुण, ज्याला सतराव्या-अठराव्या वर्षीही मिसरूड फुटलेली नाही, तो कॉलमन सिंड्रोमचा असू शकतो. वयात आणणारी संप्रेरकं सुरू करणाऱ्या पेशी गर्भात नाकापाशी जन्मतात आणि वासाच्या तंतूंचा हात धरून मेंदूत जातात. ती वाटच तयार झाली नाही की दोन्ही बुडतात. याला उपचार आहे, अपत्यप्राप्तीही होऊ शकते. तरी 'उशिरा वाढ होतेय' म्हणून ही मुलं वर्षानुवर्षं थांबवली जातात, कारण वासाबद्दल त्यांना कोणी विचारत नाही.

मग दुर्बिणीतून नाक. टॉर्च लावून समोरून पाहिलं आणि 'नाक मोकळं आहे' म्हणून सोडून दिलं, ही सर्वाधिक घडणारी चूक. श्वास खालून मोकळा जात असतो आणि वासाची फट वर, मधल्या शंखास्थीच्या (नाकाच्या बाजूच्या भिंतीवरच्या वळणदार हाडाच्या) आतल्या बाजूला, सुजेने किंवा पॉलिपने बुजलेली असते. 'नाकात मांस वाढलंय' म्हणतात ते हे पॉलिप. त्यांच्याबरोबर दमा असेल आणि ॲस्पिरिन किंवा दुखण्याच्या गोळ्यांनी धाप लागत असेल, तर ते आवर्जून सांगा. 'नाकाचं हाड वाकडं' हे मात्र बहुतेकांचं असतंच. वास पूर्ण जाण्याचं कारण ते क्वचितच असतं. वास यावा म्हणून कोणी थेट हाडाची शस्त्रक्रिया सुचवली तर दुसरं मत घ्या. आपल्याकडे पीनसही अजून दिसतो: नाकात पापुद्रे धरतात, दुर्गंधी शेजाऱ्याला येते आणि रुग्णाला स्वतःला येत नाही. तपकीर ओढायची सवय, आणि नाक मोकळं करणारे थेंब महिनोन्‌महिने वापरणं, हेही विचारा. हे थेंब चार-पाच दिवसांपलीकडे वापरले की नाक उलट जास्त चोंदतं.

सूज असेल तर उपचार चांगला लागू पडतो, फक्त तो नीट पोहोचायला हवा. आधी नाक धुवायचं: २४० मिलिलिटर पाण्यात अर्ध्या चमच्याला थोडं कमी मीठ आणि चिमूटभर खाण्याचा सोडा. पाणी उकळून कोमट केलेलं, नळाचं थेट नाही. न उकळलेल्या पाण्यातून मेंदूत जाणारा नेग्लेरिया हा अमीबा दुर्मीळ असला तरी जीवघेणा आहे. त्यानंतर स्टेरॉइडचा फवारा. सरळ बसून मारलेला फवारा बहुतेक नाकाच्या पुढच्या भागातच राहतो. डॉक्टरांनी थेंब दिले असतील तर कुशीवर झोपा, डोकं थोडं मागे आणि हनुवटी वर, खालच्या नाही तर वरच्या नाकपुडीत थेंब, आणि त्याच स्थितीत पाच मिनिटं पडून राहा. मग कूस बदला. परिणाम दिसायला सहा-आठ आठवडे लागतात. आठवड्यात बंद केलं तर काहीच पदरात पडत नाही. स्टेरॉइडच्या गोळ्यांनी काही दिवसांत वास परतला, तर दोष नाकात आहे हे जवळजवळ ठरतं. पण या गोळ्या औषधाच्या दुकानातून परस्पर आणू नका, मधुमेह असेल तर मुळीच नाही. अनियंत्रित साखर आणि स्टेरॉइड एकत्र आल्यावर काय होतं ते २०२१ मध्ये महाराष्ट्राने काळ्या बुरशीच्या रूपाने पाहिलं.

वासाची मोजणी. 'मला वास येतो' यावर भरवसा ठेवू नका; वृद्धांमध्ये बऱ्याच जणांना आपला वास गेल्याचा पत्ताच नसतो. रुग्णालयात दोन चाचण्या जास्त चालतात. एक, पेनसिल्व्हेनियाची ४० वासांची खरवडून हुंगायची पुस्तिका. प्रत्येकाला चार पर्याय, त्यामुळे निव्वळ अंदाजाने दहा गुण मिळतात. पाचाच्या खाली गुण आले तर उत्तरं मुद्दाम चुकवली आहेत का ते बघतात. दुसरी, जर्मनीत तयार झालेले वासाचे पेन. किती कमी वास कळतो, दोन वासांत फरक कळतो का आणि नाव सांगता येतं का, याचे मिळून ४८ गुण. ३०.७५ किंवा अधिक म्हणजे ठीक, १६ किंवा कमी म्हणजे वास जवळजवळ नाही. इथे अडचण अशी की अमेरिकन पुस्तिकेत रूट बिअर, भोपळ्याची पाय, डिल पिकल असे वास आहेत. सोलापूरच्या आजींनी रूट बिअर ओळखली नाही म्हणजे त्यांचा घ्राणकंद बिघडला असं होत नाही. आपल्या स्वयंपाकघरातल्या वासांवर बेतलेली चाचणी मिळत असेल तर तीच घ्या.

घरी अंदाज घ्यायचा असेल तर डोळे मिटून, एकेक नाकपुडी बोटाने बंद करून, कॉफी पूड, हिंग, लवंग, लिंबाची साल, खोबरेल तेल हुंगायला द्या. मध्ये एखादी रिकामी डबीही द्या. तिचाही वास आला तर अंदाजपंचे चाललंय. बाम, अमोनिया, पेपरमिंट वापरू नका. त्यांचा झोंबणारा गारवा चेहऱ्याच्या दुसऱ्याच चेतेने कळतो, वास पूर्ण गेलेल्यालाही. 'बाम समजतो म्हणजे नाक ठीक' हा घरोघरचा गैरसमज आहे. चवीची तक्रार तपासायला पिठीसाखरेत वेलची पूड मिसळा. नाक चिमटीत धरून ती जिभेवर ठेवली की नुसतं गोड लागतं. चिमूट सोडली की क्षणात वेलची 'येते'. ती आली नाही, पण गोड कळलं, तर जीभ शाबूत आहे आणि गेलाय तो वास.

नाकात काहीच सापडलं नाही, डोक्याला मार नाही, विषाणूचाही इतिहास नाही, तर एमआरआय करावा आणि घ्राणकंदातून पातळ कोरोनल (कपाळाला समांतर, उभे) छेद घ्यायला आवर्जून लिहून घ्यावं. नेहमीच्या एमआरआयमध्ये तो भाग नीट दिसत नाही. मेंदूच्या पुढच्या तळाशी वाढणारी गाठ वास हळूहळू दाबून टाकते, स्वभाव बदलतो, आणि घरचे ते वयावर ढकलतात. एकाच नाकपुडीचा वास जाणं, नाकातून रक्त, नवीन डोकेदुखी, अंधुक दिसणं, वाकल्यावर नाकातून पाण्यासारखी खारट धार: यांपैकी काही असेल तर थांबू नका.

कोविडनंतर वास गेलेल्यांसाठी. विषाणू चेतापेशींना नाही, त्यांना आधार देणाऱ्या पेशींना धरतो. एसीई२ हे त्याचं दार या आधारपेशींवर असतं. म्हणून नाक न चोंदताही वास जातो आणि बहुतेकांचा काही आठवड्यांत परततो. ज्यांचा परतत नाही त्यांच्या नाकातल्या ऊतींत रोगप्रतिकारक पेशींचा तळ अजून हललेला नसतो, असं २०२२ मध्ये दिसलं. परतताना कॉफी, कांदा-लसूण, भाजलेलं मांस यांचा सडका, जळका वास येऊ लागतो. नवे तंतू जुळतानाची ही अवस्था असते आणि ती बहुधा हळूहळू ओसरते. तोवर जेवण गार किंवा कोमट खावं, भाजणं-तळणं टाळावं.

घ्राणव्यायाम यात सर्वांत सुरक्षित उपाय आहे. थोमास हुम्मेल यांनी २००९ मध्ये ड्रेस्डेनमध्ये मांडलेली पद्धत: गुलाब, निलगिरी, लिंबू, लवंग. चार गडद काचेच्या रुंद तोंडाच्या बाटल्या, प्रत्येकीत कापसाच्या बोळ्यावर अर्धा ते एक मिलिलिटर तेल, बाहेर नावाची चिठ्ठी. सकाळी नाश्त्याआधी आणि रात्री झोपताना, एकेक बाटली दहा-पंधरा सेकंद, सशासारखं हलकं हलकं हुंगत. मध्ये अर्धा मिनिट विसावा. चिठ्ठी वाचून तो वास कसा होता ते मनात आणायचं. बातम्या पाहत हुंगलं तर उपयोग नाही. निदान बारा आठवडे, शक्यतो सहा महिने. फसतं कुठे? गुलाबपाणी फार सौम्य पडतं, अत्तर किंवा तेल घ्या. उदबत्तीच्या धुराने नाक चुरचुरतं. मिरपूड, तपकीर, गरम मसाला आत ओढला जातो. तेल नाकात कधीही घालू नका. झिंकचे नाकात घालायचे प्रकारही नकोत. वास जाण्याच्या तक्रारींमुळे अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००९ मध्ये त्यांच्याविरुद्ध इशारा दिला होता. तेल दर दोन-तीन महिन्यांनी बदला. विषाणूने गेलेल्या वासाला याचा गुण जास्त, डोक्याच्या माराने गेलेल्याला कमी, कंपवातात थोडासा.

निदान काहीही निघो, घरात एक काम याच आठवड्यात करा. गॅस सिलिंडरला जो वास असतो तो मुद्दाम घातलेल्या इथाइल मरकॅप्टनचा असतो आणि तो वडिलांना येणार नाही. एलपीजी हवेपेक्षा जड, म्हणून गळतीचा अलार्म जमिनीपासून वीतभर उंचीवर, शेगडी-सिलिंडरच्या बाजूला बसवा, छताजवळ नाही. पाईपचा गॅस असेल तर तो हलका, तिथे अलार्म वर. रात्री रेग्युलेटर बंद. दूध, डाळ, शिळी भाजी यांच्या डब्यांवर तारीख लिहा आणि ती पाळा. त्यांच्या ताटात मीठ आपोआप वाढत जातं, रक्तदाब असेल तर तेवढं पाहा. त्याऐवजी कुरकुरीत, आंबट आणि तिखट जास्त द्या, ते त्यांना अजून कळतं.

चाचणीचा आकडा तारखेसह लिहून ठेवा आणि सहा महिन्यांनी तीच चाचणी, त्याच पद्धतीने, पुन्हा घ्या.